हालिकाची बायको

लोणावळा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? चिक्कीचे खोके, धुकं, भुशी धरणाच्या पायऱ्यांवर भिजणारी गर्दी, आणि परत येताना घाटात दोन-दोन तास अडकलेली गाडी! पाहुणे आले की त्यांना तिथे न्यायचं, भजी खायची, फोटो काढायचे आणि दमून घरी यायचं, हा आपला ठरलेला कार्यक्रम. पण लोणावळ्याच्या अलीकडचं एक स्टेशन, मळवली, तिथे उतरून पुण्याकडच्या किती जणी कधी भाज्याला गेल्या आहेत? मी विचारून पाहिलं. आमच्या भिशीतल्या चौदा जणींपैकी दोघी. त्यातली एक शाळेच्या सहलीला गेली होती, तिला फक्त डबा आठवत होता.

मला भाजे कळलं ते सासूबाईंमुळे. त्यांचं माहेर मावळातलंच, तिथून दोन-तीन कोसांवरचं. गावाचं नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण पुढे जे सांगायचं आहे ते घरगुती आहे. सासूबाई आता बहात्तर वर्षांच्या. लहानपणी त्या लेण्यांना 'पांडवांची घरं' म्हणत आणि गुरं राखायला त्या बाजूला जात. लग्न होऊन चिंचवडला आल्यावर पन्नास वर्षांत एकदाही पुन्हा त्या डोंगरावर चढल्या नव्हत्या. माहेरी जायचं ते भाऊबीजेला आणि लग्नकार्याला. तेव्हा लेणी बघायला सवड कुणाला?

गेल्या मार्गशीर्षात आमच्या मुक्ताने टूम काढली. मुक्ता म्हणजे आमची धाकटी. ती सध्या प्राचीन लिपी शिकते आहे. घरभर ब्राह्मी अक्षरांचे कागद, फ्रिजवर सुद्धा! ती म्हणाली, "आजी, तुझ्या डोंगरावर काय लिहिलंय ते तुला वाचून दाखवते. चल." एरवी सासूबाई गुडघ्यांचं कारण सांगून नाही म्हणाल्या असत्या. त्या दिवशी चटकन हो म्हणाल्या. मला वाटतं त्यांना घरातून दोन तास का होईना बाहेर पडायचं होतं. कारण घरात तेव्हा एक कागद येऊन पडला होता.

त्या कागदाचं सांगते. सासूबाईंच्या माहेरी भाताची खाचरं आहेत. पूर्वी त्यांना कोण विचारत होतं? पण द्रुतगती महामार्ग झाला, मुंबईची माणसं शनिवार-रविवारच्या बंगल्यांसाठी जागा शोधू लागली आणि मावळातल्या गुंठ्याला सोन्याचा भाव आला. मामासासऱ्यांकडे कुणी दलाल आला. सात-बारावर तिन्ही बहिणींची नावं. मग वडगावला जाऊन हक्कसोड पत्रावर सह्या करायच्या ठरल्या. मामासासरे वाईट नाहीत हो. दरवर्षी भाऊबीजेला साडी आणि संक्रांतीच्या सुमाराला नवा तांदूळ न चुकता येतो. त्यांनी मसुदा पाठवला आणि फोनवर म्हणाले, "ताई, बाकी दोघी करतायत. तू पण एक सही कर, म्हणजे झालं." आमचे 'हे' सुद्धा म्हणाले, "आई, करून टाक सही. माहेर राहिलं म्हणजे सगळं राहिलं." सासूबाईंनी कागद घडी करून देवघरातल्या ड्रॉवरमध्ये ठेवला आणि गप्प बसल्या. तीन आठवडे!

बुधवारी सकाळच्या लोकलने आम्ही तिघी निघालो. मळवलीला उतरलं की फाटक ओलांडून दक्षिणेकडे चालू लागायचं. महामार्गावरच्या पुलावरून पलीकडे गेलं की भाजे गाव दिसतं. पुलावर उभं राहून खाली पाहिलं तर गाड्या नुसत्या सुसाट धावत असतात, आणि समोर विसापूर आणि लोहगड हे दोन किल्ले शेजारणींसारखे एकमेकींकडे पाहत बसलेले. गाव लहानसं. कौलारू घरं कमी झाली आहेत, स्लॅबची वाढली आहेत. दारोदारी 'घरगुती जेवण मिळेल'च्या पाट्या. गावातल्या बायकाच ते चालवतात. आम्ही चढायच्या आधीच एका घरी पिठलं-भाकरी सांगून ठेवली. तुम्हीही तसंच करा, कारण उतरून आल्यावर सांगितलं तर चूल पेटेपर्यंत पोटात कावळे ओरडतात.

पायऱ्या चांगल्या बांधलेल्या आहेत. आम्हाला सासूबाईंच्या चालीने अर्धा तास लागला. वर पोचल्यावर तिकीट काढायचं आणि वळलं की एकदम समोर ते चैत्यगृह! दाराशी भिंतच नाही. पूर्वी लाकडी दर्शनी भाग होता म्हणे, तो गेला. त्यामुळे घोड्याच्या नालेसारखी भली मोठी कमान उघडी आणि आतला स्तूप थेट दिसतो. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातलं हे काम. म्हणजे बावीसशे वर्षांच्या आसपास. आपल्याकडच्या अगदी आरंभीच्या लेण्यांपैकी एक. डोंगरात सगळी मिळून बावीस लेणी आहेत.

आतले खांब नीट पाहा. सत्तावीस आहेत आणि सगळे वरच्या बाजूला आत झुकलेले. मला आधी वाटलं, माझाच तोल जातोय की काय! मुक्ताने समजावलं, तेव्हाच्या कारागिरांना लाकडाचं बांधकाम येत होतं. लाकडी घराचे खांब छताचा रेटा सोसण्यासाठी तिरके रोवत, ती सवय त्यांनी दगडातही तशीच ठेवली. दगडाला त्याची गरज नव्हती. पण हाताला वळण पडलेलं. आणि वर पाहिलं तर छताला खऱ्या लाकडाच्या फासळ्या, अजून जागच्या जागी! आपल्या घरची खिडकी चार पावसाळ्यांत फुगते. हे लाकूड मावळातला पाऊस इतकी शतकं सोसून आहे. सासूबाई मान वर करून कितीतरी वेळ बघत राहिल्या. "सागच असणार," एवढंच म्हणाल्या. त्यांचे वडील सुतारकामही करत.

चैत्याच्या बाहेरच्या कोरीव सज्जांतून दगडी माणसं वाकून बघत असतात, चाळीच्या गॅलरीतून बघावं तशी. तिथून पुढे गेलं की एका ठिकाणी चौदा छोटे स्तूप एकत्र आहेत, पाच आत आणि नऊ बाहेर. ही तिथल्या थोर भिक्षूंची स्मारकं. काहींवर त्यांची नावं आहेत. धम्मगिरी, संघदिन, अंपिनिक. अगदी टोकाला एक विहार आहे, त्याला मात्र चुकवू नका. बऱ्याच जणी दमून चैत्यापासूनच परत फिरतात. तिथे रथात बसलेला सूर्य आणि हत्तीवरचा इंद्र असं ज्यांना म्हणतात ती शिल्पं आहेत. विद्वानांचे त्यावर वाद आहेत, ते त्यांच्यापाशी राहू देत. मला आवडली ती त्या इंद्राच्या खालच्या कोपऱ्यातली बाई. उभ्या तोंडाच्या दोन वाद्यांवर ती दोन्ही हातांनी ठेका धरते आहे आणि शेजारी दुसरी नाचते आहे. हिच्याच आधाराने पुष्कळ जण तबला दोन हजार वर्षांचा जुना आहे असं सांगतात. ते खरं असो-नसो, बाई वाजवते आहे आणि अगदी रंगून वाजवते आहे, हे तर डोळ्यांनी दिसतंय! आमच्या वेळी मुलीने तबला शिकायचा म्हटलं तर घरात काय गहजब झाला असता.

पण मला ज्या कारणासाठी हा लेख लिहावासा वाटला ते वेगळंच.

पाण्याच्या एका टाक्यापाशी आम्ही टेकलो. मुक्ताने वही काढली. तिथे महारठी विंहुदत नावाच्या माणसाने टाकं दान दिल्याचा लेख आहे. "आणि आजी, तो स्वतःची ओळख कशी सांगतो माहीत आहे? कोसिकीचा मुलगा. बापाचं नाव नाही." सासूबाई म्हणाल्या, "आईचं नाव लावायचे?" "हो ना! सातवाहन राजे सुद्धा. गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र." महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर नावापुढे आईचं नाव आणि मग वडिलांचं, असा नियम केला, तेव्हा आमच्या इमारतीत केवढी चर्चा झाली होती. आणि इथे डोंगरात ते आधीच कोरून ठेवलेलं!

मग मुक्ताने पान उलटलं आणि वाचलं, "बाधाय हालिकजायाय दानं." भाज्यातलाच दुसरा एक लेख. बाधा नावाच्या बाईचं दान. हालिक म्हणजे हल चालवणारा, नांगऱ्या. जाया म्हणजे बायको. नांगऱ्याची बायको बाधा, हिचं दान.

सासूबाईंनी पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "बाधा? हे कसलं गं नाव! नजर लागू नये म्हणून ठेवलं असेल. आमच्यात दगडू, धोंडू ठेवत तसं." आणि थोड्या वेळाने, "शेतकऱ्याची बायको. तिच्याकडे द्यायला पैसे कुठले?"

हा प्रश्न आम्हा दोघींना सुचलाच नव्हता! मुक्ता शिकलेली, मी आपली पुस्तकं चाळलेली. पण प्रश्न बरोबर पडला तो गुरं राखलेल्या बाईला. खरंच, कुठले असतील? तांदूळ विकून? दागिना मोडून? नवऱ्याला विचारून की न विचारता? दगडावर यातलं काही नाही. एवढंच आहे की दान तिचं आहे. नवऱ्याचा तर धंदा सांगितलाय, नावही नाही बिचाऱ्याचं!

आणि ही एकटी नाही. मावळातल्या डोंगरांतून अशा किती जणी बसल्या आहेत. पलीकडे कार्ल्याच्या लेण्यात एक दगडी कठडा कोडी नावाच्या भिक्षुणीने दिला, घुणिकाची आई अशी तिची ओळख आहे. घोरावाडी स्टेशनजवळच्या शेलारवाडीच्या डोंगरात तर सियागुतनिका नावाच्या शेतकरणीने लेणंच दिलं, उसभणकाची बायको, बरोबर तिचा मुलगा नंद. कामशेतजवळच्या बेडसे लेण्यांत एका टाक्यापाशी महारठिणी सामडिनिकेचं नाव आहे. ती मोठ्या घरची, महाभोजाची लेक आणि आपदेवणकाची बायको. तिच्या लेखात बायकोसाठी जो शब्द आहे त्याचा अर्थ मुळात 'दुसरी', म्हणजे जोडीची, सोबतीण. मोठ्या घरची असो की नांगऱ्याच्या घरची, नाव आपापलं.

बेडसे लेणी शांत आहेत, जमलं तर तीही बघा, सकाळीच, कारण त्यांचं तोंड पूर्वेला आहे आणि कोवळ्या उन्हात खांबांवरचे हत्ती-घोडे आणि त्यांवर बसलेली जोडपी खुलतात. कार्ल्याचं चैत्यगृह मात्र साऱ्या देशात मोठं, लांबी १२४ फूट. वैजयंतीच्या भूतपाल शेटजीने तिथे लिहूनच ठेवलं आहे की जंबुद्वीपात याहून उत्तम लेणं नाही. जाहिरात म्हणा, पण खोटी नाही! त्याच्या दाराशीच एकवीरा आई. चैत्रात आणि नवरात्रात तिथे पाय ठेवायला जागा नसते. कोळी बांधवांच्या पालख्या, गुलाल, वाजंत्री. गर्दी सोसत असेल तर जरूर जा, नाहीतर आडवार बघून जा.

लोहगडाला त्या दिवशी आम्ही गेलो नाही, सासूबाईंचे गुडघे तेवढे उदार नव्हते. पण भाज्यातून वर वाट जाते आणि चालणाऱ्यांना दीड-दोन तास पुरतात. आता ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात लोहगड आहे. विंचूकाटा, चार दरवाजांची नागमोडी वाट, सगळं छायाचित्रांत पाहिलं असेलच. मला मात्र त्या गडाकडे पाहताना जिऊबाई आठवते. नाना फडणीस १८०० साली वारले तेव्हा ही त्यांची बायको जेमतेम नऊ-दहा वर्षांची होती असं सांगतात. १८०२ मध्ये होळकरांनी पुणं लुटलं त्या धामधुमीत नानांचे विश्वासू किल्लेदार धोंडोपंत निजसुरे यांनी तिला लोहगडावर नेलं. नानांनी स्वतः मजबूत केलेला, सोळा कोनी टाकं बांधवलेला हा गड. तिथे ही पोर, विधवा, आणि भोवती तिच्या नवऱ्याच्या संपत्तीवर डोळा असलेले सगळे! शेवटी इंग्रजांच्या वेलस्लीने मध्यस्थी केली, वर्षाला १२,००० रुपयांची नेमणूक ठरली आणि ती पनवेलला गेली. पुढे कितीतरी वर्षांनी वाईजवळच्या मेणवलीला परतली. तिथला वाडा आणि घाट लोक सिनेमातला म्हणून बघायला जातात. तिला कुणी काय विचारलं, तिने काय उत्तर दिलं, ते इतिहासात फारसं सापडत नाही. बाधाचं निदान तीन शब्दांचं वाक्य तरी आहे.

खाली आलो. पिठलं गरम होतं, भाकरी तांदळाच्या. ज्या बाईंनी वाढलं त्यांचं बोलणं आणि सासूबाईंचं बोलणं लगेच जुळलं. कुणाची कोण, कुठल्या घरात दिली, हे सगळं. बाईंनी ओघात सांगितलं की समोरचं खाचर त्यांच्या दिरांनी विकलं, तिथे आता कुंपण आहे. "पैसे आले?" सासूबाईंनी विचारलं. "आले की. मोटारसायकल आली, लग्न झालं. संपले," बाई म्हणाल्या आणि ताक आणायला आत गेल्या.

परतीच्या लोकलमध्ये सासूबाई खिडकीशी बसल्या होत्या. कामशेत गेल्यावर मला म्हणाल्या, "मी सही केली नाही तर तो बोलायचा बंद होईल का गं?"

मी काय सांगणार? मला माहेरचा भाऊ नाही, तेव्हा ती भीती मी ऐकूनच जाणते. एवढं म्हणाले, "सासूबाई, तुम्ही स्वतः त्यांना विचारा. आमच्यातल्या कुणाला मध्ये घालू नका."

त्यांनी रविवारी मामासासऱ्यांना घरी बोलावलं, जेवायला. पुरणपोळी केली. जेवण झाल्यावर कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, "बाळ्या, माझं नाव राहू दे. भात तूच पिकव, पीक तूच खा, मला पायलीभर तांदूळ येतो तेवढा येऊ दे. मी हिस्सा मागत नाही. पण विकायचं असेल तेव्हा मला विचारायला यायचं." मामासासरे बराच वेळ काही बोलले नाहीत. आमच्या 'ह्यां'नी घसा साफ केला, पण मी डोळ्यांनी खुणावलं. मग मामासासरे म्हणाले, "दलालाला मी शब्द दिलाय ताई." त्या म्हणाल्या, "मी नाही दिला." ते विडा न घेताच उठले. या गोष्टीला आता वर्ष होत आलं. संक्रांतीला तांदूळ आला, मामासासरे स्वतः नाही आले, मुलाच्या हाती पाठवला. भाऊबीज येते आहे. सासूबाईंनी ओवाळणीचं ताम्हन काल घासून ठेवलं.

ज्या मैत्रिणींपुढे असा कागद येईल त्यांच्यासाठी थोडं व्यवहाराचं. लेकीला बापाच्या मिळकतीत वारसा १९५६ च्या कायद्याने मिळाला. वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्माचा हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, पण आधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने तो फरक गेला, आणि त्या दिवशी वडील हयात असलेच पाहिजेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. सही करायची की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं. काही जणी आनंदाने सोडतात, त्यांचंही बरोबर असू शकतं. पण नोंदवलेलं हक्कसोड पत्र सहजी फिरवता येत नाही, तेव्हा वाचून, माहितगाराला दाखवून मगच पेन उचला.

आणि सहलीचं. भाज्याला जायला मार्गशीर्ष ते माघ उत्तम. पावसाळ्यात डोंगरावरून धबधबे कोसळतात, ते देखणं असतं खरं, पण रविवारी गावातून चालायला वाट उरत नाही आणि दगड निसरडे. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, हे विसरू नका. पोरांचा हात सोडू नका, आणि वाहत्या पाण्यात उभं राहून फोटो तर नकोच. साडी नेसणार असाल तर सुती आणि किंचित आखूड नेसा, चपलेऐवजी पट्ट्याचे बूट. दुपारच्या वेळी लोकल कमी असतात, परतीची गाडी आधी बघून ठेवा.

येताना चिक्कीबरोबर मावळचा इंद्रायणी तांदूळ आणा. हा वाण वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात तयार झाला, आंबेमोहोराशी नातं आहे, म्हणून तो वास. नवा असेल तर पाणी नेहमीपेक्षा कमी घाला, नाहीतर गिच्च होतो. सासूबाई तो आधी अर्धा तास निथळत ठेवतात आणि उकळी आली की चमचाभर तूप सोडतात. आणि हो, लेण्यांतल्या टाक्यांचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी पिऊ नका. घरून बाटल्या भरून न्या.